हुंकार

दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या कार्यालयावर सुस्ती उतरते. पंखा फिरत असतो, पण आपण कुणासाठी फिरतो आहोत हे त्यालाही नीट आठवत नसावं. आवारातल्या कडुलिंबाखाली कामासाठी आलेल्या लोकांच्या मोटारसायकली एकमेकींवर रेलून डुलक्या घेतात. अशाच एका दुपारी मी एका पत्राच्या शेवटच्या ओळीवर अडलो होतो. ‘विनंती करण्यात येते’ म्हणावं की ‘कळविण्यात येते’, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. तीस वर्षं टिपण्या लिहिलेल्या माणसाला विचारा. ‘विनंती’त आपण अर्धी पायरी खाली उतरतो, ‘कळविण्या’त अर्धी पायरी वर चढतो, आणि पत्र ज्यांना जायचं होतं ते गृहस्थ नेमके आमच्याच पायरीवरचे होते. हनुवटीखाली हात घेऊन त्या दोन क्रियापदांच्या मधल्या बांधावर मी उभा असताना समोरची स्क्रीन मिटली. क्षणभर तिच्यात माझं टक्कल दिसलं, आणि मग तिथे एक परदेशी सरोवर उगवलं. निळंशार पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, काठावर एकही म्हैस नाही. कोपऱ्यात वेळ, वार, आणि बारीक अक्षरांत एक विचारणा : हे चित्र तुम्हाला आवडलं का?

मला माझ्याच पत्रातून बाहेर काढून, दाराला कुलूप घालून, वर दारावरचं तोरण कसं वाटलं म्हणून विचारावं, तसा तो प्रकार होता. आणि सरोवर दाखवायचं तर कुणाला? भंडाऱ्याच्या माणसाला! ज्या जिल्ह्याला शाळेच्या पुस्तकात तलावांचा जिल्हा म्हणायचे, त्या जिल्ह्याला. आता १ मे १९९९ ला जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा निघाला आणि नवेगावबांधसारखं घरातलं सर्वांत मोठं भांडं धाकट्याकडे गेलं, हे खरं. पण आमच्याकडे उरलेल्या तलाव-बोड्यासुद्धा पुष्कळ आहेत. कमळं आहेत, सिंगाडे आहेत. त्या निळ्या सरोवराला सिंगाडा कशाशी खातात हे तरी ठाऊक असेल का, असा एक क्षुद्र विचार माझ्या मनात येऊन गेला. मग मी पासवर्ड घातला. आत पत्र जसंच्या तसं होतं. फक्त मी कोणत्या पायरीवर उभा होतो ते विसरलो होतो.

पाच मिनिटं. वरून कुणीतरी ठरवलेला हा हिशेब आहे. पाच मिनिटं कळपाटीवर बोट पडलं नाही, माऊस सरकला नाही, की यंत्र धरून चालतं की माणूस उठून गेला. ती मुदत वाढवायची सोयही आम्हाला ठेवलेली नाही. तिथलं बटण फिकं करून टाकलं आहे, देवळातल्या दानपेटीसारखं, दिसतं पण उघडत नाही. यंत्राच्या लेखी हलणं म्हणजे असणं. माझ्या बाजूच्या टेबलावरचे सहकारी दिवसभर पत्त्यांचा खेळ मांडून बसत, तेव्हा त्यांच्या हजेरीबद्दल यंत्राला तिळमात्र शंका आली नाही. शंका आली ती विचार करणाऱ्यावर. माऊसच्या बाबतीत तर सगळी रीतच उलटी. धानाच्या मुलखात उंदीर हलत नाही म्हणजे ढोली सुरक्षित, असं समजून माणूस कूस बदलतो. इथे उंदीर हलला नाही की घराला टाळं.

गंमत म्हणजे जुन्या कार्यालयात ‘असण्या’ची एक स्वतंत्र कला होती आणि ती या पाच मिनिटांनी संपवली. मी नोकरीला लागलो तेव्हा कागदपत्रं लाल कापडाच्या रुमालात बांधलेली असत आणि प्रत्येक टेबलामागच्या खुर्चीवर एक पांढरा दुपट्टा लटकत असे. दुपट्टा खुर्चीवर, चष्म्याचं घर उघडं, पेनचं टोपण काढून बाजूला ठेवलेलं. माणूस कुठे आहे? ‘आत्ताच होते जी, येतीलच.’ ते येईपर्यंत बाहेर दोन चहा आणि एक आलूबोंडा होऊन जाई. आमच्या एका वरिष्ठांनी तर कार्यालयासाठी वेगळा दुपट्टाच ठेवला होता, तो कधी घरी जात नसे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला तेव्हा आम्हाला खरोखर कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. बसल्या जागी नसलेल्या माणसाला हजर दाखवण्याची ती विद्या होती. आताच्या यंत्राने तिचा सूड घेतला असावा : बसल्या जागी असलेल्या माणसाला ते गैरहजर दाखवतं.

तसं पाहिलं तर यंत्राने डोळे मिटण्याची सुरुवात संशयातून झालेली नाही. ती काळजीतून झाली. पूर्वीच्या काचेच्या जाड पडद्यांना एक खोड होती : एकच चित्र तासन्‌तास समोर राहिलं की त्याचा व्रण पडद्यावर कायमचा उठायचा. म्हणून १९८३ साली जॉन सोचा नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी एक लहानसा प्रोग्राम लिहून ‘सॉफ्टटॉक’ मासिकात छापला. तीन मिनिटं काही हालचाल झाली नाही की पडदा काळा. बस, एवढंच. झोपलेल्या लेकराच्या तोंडावर माशी बसू नये म्हणून पदर टाकावा, तसं. पुढे त्या काळोखात लोकांनी नक्षी भरली. आमच्याकडे संगणक आले तेव्हा रिकाम्या पडद्यावर रंगीत नळ वाढत जायचे, कोपऱ्याकोपऱ्यांत वळत, एकमेकांत गुंतत. आमचे शिपाईमामा ते टक लावून पाहत आणि म्हणत, ‘एवढे पाइप टाकले, पन पानी काही सोडलं नाही बाप्पा.’ दुसरी एक सोय होती, पडद्यावरून आपल्याला हवी ती अक्षरं सरकवत ठेवायची. मराठी लिपी तिथे उमटत नसे, म्हणून रोमन अक्षरांतला ‘जय गजानन’ जिल्हाभरच्या टेबलांवर उजवीकडून डावीकडे अखंड वारी करत असे. त्या जपाला धक्का लागू नये म्हणून काहीजण संगणकाला हातच लावत नसत. काळजीचा पदर केव्हा आणि कसा कुलूप झाला, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. सासरी आलेली मुलगी केव्हा सासू होते ते तरी कुठे कळतं?

कुलपाचं कारण मला पटत नाही असं नाही. लोकांची नावं, खाती, आधारचे आकडे असं सगळं उघडं टाकून माणूस चहाला जाऊ लागला तर कसं व्हायचं. कुलूप यायच्या आधी एकदा माझाच संगणक उघडा राहिला आणि मी परत येईपर्यंत ‘उद्या सर्वांना माझ्याकडून आलूबोंडे’ असा निरोप माझ्या नावाने बत्तीस लोकांना गेला होता. बत्तीस आलूबोंडे मी दिले. तेव्हा तत्त्वाबद्दल माझं भांडण नाही. भांडण झालं ते एका म्हातारीमुळे.

ती कुठल्याशा अनुदानाच्या कामाला आली होती. खिडकीशी उभी होती, मी तिला आत बोलावून समोर बसवलं. तिची माहिती पडद्यावर उघडली आणि विचारलं, काय अडलं आहे? आता आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला काय अडलं आहे असं विचारलं, तर उत्तर अडलेल्या ठिकाणाहून सुरू होत नाही. ते लग्नापासून सुरू होतं. ती सांगू लागली आणि मी हात बांधून ऐकू लागलो. नवरा कोसा विणायचा, मोहाडीकडे. मग डोळे गेले. मग थोरला नागपूरला गेला. गोष्ट थोरल्याच्या बायकोपर्यंत आली आणि स्क्रीन मिटली. सरोवर आलं. म्हातारी बोलायची थांबली. तिने एकदा त्या सरोवराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘झोपला का जी हा?’

मी म्हटलं, नाही आजी, तुम्ही बोला. पासवर्ड घातला, पुन्हा तिचं नाव उघडलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘मंग पयलेपासून सांगतो बाप्पा.’ आणि ती पुन्हा लग्नापासून निघाली. यंत्राने डोळे मिटले म्हणजे मधलं काही ऐकू आलेलं नसणार, हा तिचा हिशेब बिनतोड होता. मी ऐकलं आहे हो, असं तिला पटवण्याची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या खेपेला थोरल्याच्या बायकोपाशीच पुन्हा सरोवर आलं. त्या बाईच्या स्वभावात काहीतरी असावं. तिसऱ्या खेपेला मात्र मी शहाणा झालो. ती बोलत होती आणि मी दर दोन वाक्यांनी माऊस इवलासा सरकवत होतो. बाण थरथरायचा, माहिती उघडी राहायची, म्हातारी समाधानाने पुढे जायची. आणि तिसऱ्या वेळी माऊस सरकवताना माझ्या एकदम लक्षात आलं की हे मी पूर्वी केलेलं आहे. माझ्या हाताने नाही, तोंडाने.

आमची आजी रात्री सपरीत गोष्ट सांगायची. धानाच्या तणसीवर अंथरूण, वर घोंगडं, कंदिलाची वात खाली केलेली. तिची एकच अट : ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. राजा निघाला... हूं. वाटेत नदी लागली... हूं. दोन वाक्यं हुंकाराविना गेली की ती थांबायची, ‘जागा हायेस ना गा बापू?’ म्हणायची, आणि तरीही उत्तर नाही आलं तर राजाला नदीच्या काठावर तसाच सोडून कूस वळवायची. पुष्कळदा मी जागा असायचो. डोळे उघडे ठेवून, आढ्याकडे पाहत, नदी केवढी असेल याचा विचार करत. पण हुंकार द्यायचा राहून गेला आणि गोष्ट बंद. दुसऱ्या दिवशी ‘मी जागा होतो’ म्हणून कितीही सांगितलं तरी आजीचं म्हणणं एकच : मला अंधारात कसं दिसेल? त्यामुळे माझ्या लहानपणीचे कितीतरी राजे आजतागायत नदीच्या अलीकडे उभे आहेत. आणि इथे पन्नाशीच्या पलीकडे, एका सरकारी टेबलावर, पुन्हा तीच अट. यंत्रालाही बिचाऱ्याला अंधारात दिसत नाही. हल्ली काही यंत्रं कॅमेऱ्यातून डोकावून माणूस समोर आहे का ते पाहतात म्हणे. आमची अजून आजीच्या पिढीतली आहेत. दर पाच मिनिटांनी एक हूं मागतात. म्हातारी गेल्यावर (काम झालं तिचं, थोरल्याची बायको पूर्ण ऐकून झाल्यावर) त्या सरोवरावरचा माझा राग बराचसा ओसरला होता.

राहिला पासवर्ड. कुलूप एक वेळ समजू शकतं, पण किल्ली दर थोड्या दिवसांनी बदलायची ही काय रीत? जून २०२२ मध्ये एनआयसीने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या, त्यांत निदान ४५ दिवसांनी पासवर्ड बदला, जागा सोडताना संगणकाला कुलूप घाला, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाला चिकटवू नका, असं सांगितलेलं होतं. तिसरी सूचना वाचताना आमच्या खोलीतल्या चार जणांनी नकळत आपापल्या टेबलाच्या काचेवर हात ठेवला. माणसाचा इतिहास पाहता ही सावधगिरी गैर नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या हाताखाली एकाच संगणकावर अनेकांनी काम करायची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाचा कप्पा वेगळा राहावा म्हणून पासवर्ड आला. आणि १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या तिथल्याच विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. चोरायला काही नव्हतं हो. त्याला आठवड्याचे ठरवून दिलेले तास पुरत नव्हते, काम उरलं होतं. जास्त काम करता यावं म्हणून कुलूप फोडणारा तो बहुधा पहिला आणि शेवटचा कर्मचारी असावा.

४५ दिवसांचं गणित मांडा : वर्षाला आठ किल्ल्या. मुलांची नावं संपली, देवांची संपली, जिल्ह्यातले सातही तालुके फिरून झाले, लाखांदूरपर्यंत आलो आणि पुढे रस्ता नाही. आठ अक्षरं हवीत, त्यांत एक मोठं हवं, एक आकडा हवा, आणि अ‍ॅट द रेटसारखं एखादं शेपूट हवं. पडद्यावर ‘मुदत संपली’ असा निरोप आणि माझं डोकं रिकामं. त्या वेळी बोटांनी आपणहून टाइप केलं : ‘वडाची बांधी’. रोमन अक्षरांत, अर्थात. मोठा ‘व’, शेपूट, आकडा. यंत्राने ते मान्य केलं. उलट ‘मजबूत’ असा शेराही दिला. वडाची बांधी मजबूत आहे हे आमच्या बाबांनीही मान्य केलं असतं. धानाच्या त्या तुकड्याची धुरी, म्हणजे कडेचा बांध, कधी फुटली नाही.

बाबा गावचे पाणकर होते. गाव साकोलीकडचं, नाव सांगत नाही, तो पुढच्या महिन्याचा पासवर्ड आहे. गावाला एक मालगुजारी तलाव. गोंडराजांच्या काळापासून कोहळी लोकांनी या मुलखात असे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५१ मध्ये मालगुजारी उठली आणि ‘माजी मालगुजारी’चं कागदोपत्री ‘मामा तलाव’ झालं. लहानपणी मला तो खरोखर कुणाच्या तरी मामाचा वाटे. आईचे भाऊ दूर लाखनीकडे होते आणि वर्षातून एकदा येत. हा मामा घरापासून हाकेवर होता आणि बारा महिने घरीच. पावसाळा सरता सरता, धान गर्भात यायच्या वेळी वरचा पाऊस दगा देतो, तेव्हा तुडूम उघडून तलावाचं पाणी बांध्यांना द्यायचं. कुणाला आधी, कुणाला किती वेळ, हे पाणकराने पाहायचं. आणि हे ‘पाहणं’ म्हणजे काय, तर पाळीवर बसून राहणं. रात्रभर. मी भाकर घेऊन जायचो तेव्हा बाबा घोंगडी पांघरून तसेच बसलेले असायचे, गुडघ्यांवर कोपरं, समोर काळं पाणी. पाच मिनिटं काय, तासन्‌तास त्यांचं बोटही हलत नसे. एखाद्या शहरी साहेबाने पाहिलं असतं तर माणूस झोपला म्हणून नोंद केली असती. पण पाटाचा आवाज जरासा पातळ झाला की बाबा उठून चालू लागायचे. कुठेतरी बांध फुटलेला असायचा, आणि डोळ्यांनी पाहायच्या आधीच तो त्यांना ठाऊक असायचा. एवढं असूनही गावाची त्यांच्यावर एक अट होतीच, हे मला फार उशिरा आठवलं. मध्यरात्री खालच्या शेतातून कुणीतरी हाक द्यायचा, ‘हायेस का गाऽऽ?’ आणि बाबा पाळीवरून ओरडायचे, ‘हाव!’ तेवढ्यावर सगळं शिवार पुन्हा शांत व्हायचं.

बांध्यांना तेव्हा नावं होती. वडाची बांधी, मोहाची, लांबोळी. जावयाची बांधी, जी एका जावयाला दिली होती आणि त्याने ती विकून खाल्ली. भांडणाची बांधी, जिच्यावरून दोन भावांची तोंडं तीन पिढ्या फिरली. आणि अगदी शेवटची, जिच्यापर्यंत पाणी पोचता पोचता सकाळ व्हायची, ती उपाशी. सातबारावर ही नावं नाहीत, तिथे गट नंबर आहेत, आणि आता सातबारा ऑनलाइन असल्याने जगात कुठूनही ते गट नंबर पाहता येतात. बांध्या विकल्या गेल्या, जोडल्या गेल्या, पाळीखाली विजेचे पंप बसले. ती नावं क्रमाने म्हणू शकणारा माणूस आता गावात असेल असं वाटत नाही. मी म्हणतो. दर पाच मिनिटांनी म्हणतो. सरोवर येतं, मी ‘मोहाची’ टाइप करतो, आणि यंत्र प्रत्येक अक्षरामागे एक काळा ठिपका लावत जातं, ठिपक्यापुढे ठिपका, सरळ रांगेत. पाळीवर उभं राहून रोवणी पाहताना बायकांनी लावलेलं पऱ्हं असंच दिसायचं. (हे लिहून टाकल्यामुळे सगळे पासवर्ड बदलणं भाग आहे. बदलले.)

पाण्याच्या पाळ्या पूर्वी चांदण्या पाहून ठरत. त्यावरून भांडणं होऊ लागली, कारण ढगाळ रात्री प्रत्येकाची चांदणी वेगळ्या जागी असे. तेव्हा बाबांनी १९७६ साली धान विकून एक घड्याळ घेतलं. एचएमटीचं, रोज चावी द्यायचं. पुढे कित्येक वर्षं गावाचं पाणी त्या घड्याळावर चाललं. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मनगटाला ते मोठं होतं, म्हणून टेबलाच्या खणात पडून असायचं. मग एकदा आमच्या नव्या सहकाऱ्याने मला एक युक्ती सांगितली. काट्याच्या घड्याळावर माऊस ठेवायचा. माऊसच्या पोटातला लाल दिवा खाली उजेड पाडतो आणि एक बारीकसा डोळा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालचं दृश्य टिपून, काय सरकलं ते ताडून बघतो. खाली सेकंदकाटा फिरत असला की त्याला वाटतं, हात फिरतो आहे. सगळ्या घड्याळांवर जमत नाही, सगळ्या माऊसना फसवता येत नाही. माझ्याकडे जमलं. ‘कळविण्यात येते’ की ‘विनंती करण्यात येते’ याचा विचार करत मी वीस मिनिटं हात बांधून बसलो आणि स्क्रीन ढिम्म मिटली नाही. काटा फिरत होता, पडद्यावरचा बाण मधूनच इकडेतिकडे शहारत होता. पाळीवर कुणीतरी माझ्या वतीने जागं बसलं होतं.

चार-पाच महिने हे सुख लाभलं. रोज सकाळी आल्यावर घड्याळाला चावी द्यायची, माऊस त्यावर ठेवायचा. चावी द्यायला विसरलो त्या दिवशी बरोबर दुपारी सरोवर यायचं. मग वरून संगणक तपासायला कंत्राटावरचा एक मुलगा आला. कानात बाळी, पाठीवर पिशवी, बोलणं नागपुरी. माझ्या टेबलाशी आला, माऊस उचलला आणि खालचं घड्याळ पाहून हसू दाबत म्हणाला, ‘काका, हे चालत नाही.’

‘चालतं,’ मी म्हटलं. ‘रोज चावी देतो.’

‘तसं नाही जी. नियमात नाही बसत. तुम्ही चहाला गेले अन् कोणी येऊन बसलं म्हणजे?’

बत्तीस आलूबोंडे आठवून मी गप्प बसलो. त्याने घड्याळ हातात घेतलं होतं. उलटं करून पाहिलं, काचेवर माऊसच्या घासण्याने पडलेल्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला. याच्यात सेल कुठे असतो, म्हणून विचारलं. सेल नसतो, असं सांगितल्यावर त्याने ते कानाला लावलं आणि डोळे बारीक केले. कधीचं आहे? मी म्हटलं, याच्यावर गावाचं पाणी सुटायचं. तो समोरच्या खुर्चीवर टेकला, घड्याळ तसंच कानाशी. मग मी त्याला तुडूम सांगितलं, पाट सांगितला. सगळ्यात आधी वडाची बांधी भरायची, मग मोहाची, मग लांबोळी, आणि पाणी उतरत उतरत पहाटे कुठे उपाशीच्या धुरीशी लागायचं. बाजूला स्क्रीन मिटली, निळं पाणी आणि बर्फाचे डोंगर आले. ते चित्र आम्हाला आवडलं का म्हणून कोपऱ्यातून विचारलं गेलं. आम्ही दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही. भांडणाच्या बांधीपाशी आठवायला म्हणून मी जरा थांबलो, तेव्हा घड्याळ कानाला धरलेला तो मुलगा म्हणाला, ‘हूं.’